झुरक्याचे गणित

ज्या देशांत व्हेप राजरोस विकले जाते, तिथला दुकानदार नव्या गिऱ्हाइकाला दोन गोष्टी हमखास विचारतो. झुरका कसा ओढणार, आणि त्याला साजेसे यंत्र कोणते देऊ? दोन्ही प्रश्न आवडीनिवडीचे वाटतात. पण त्यांच्या पोटात तिसराच एक प्रश्न दडलेला असतो आणि तो दुकानदार विचारत नाही: निकोटीन किती घेणार, आणि ते मेंदूपर्यंत किती वेगाने पोहोचवणार? झुरक्याची प्रत्येक तऱ्हा आणि यंत्राचा प्रत्येक प्रकार म्हणजे या तिसऱ्या प्रश्नाचे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेले उत्तर असते. हे गणित नीट मांडले की नवख्याने कोणते यंत्र घ्यावे हा प्रश्न निकालात निघतो, असे माझे म्हणणे आहे. आणि सरावलीसारख्या ठिकाणी तर तो लंडनपेक्षाही लवकर निकालात निघतो.

सरावली ही पालघर तालुक्यात, बोईसरला खेटून, तारापूर औद्योगिक वसाहतीच्या आधाराने वाढलेली वस्ती. जनगणनेच्या हिशेबात ती आता शहरात मोडते. मूळचे आदिवासी पाडे, जुनी शेतकरी-बागायतदार घरे आणि कारखान्यांच्या ओढीने उत्तर भारतातून आलेले हजारो कामगार, असा इथला मेळ आहे. पाळी सुटली की टपरीवर जे मिळते ते सगळ्यांच्या ओळखीचे: विडी, सिगारेट, तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी. घराघरांत मशेरी असते, आणि २०१२ पासून राज्यात बंदी असलेला गुटखाही. या सगळ्यात व्हेप नवे आहे. त्याची माहिती टपरीवरून येत नाही. ती मोबाइलच्या पडद्यावरून येते, आणि येताना ‘नवशिक्यांसाठी कोणते चांगले’ अशा खरेदीच्या भाषेतच येते. म्हणून ती भाषा आधी समजून घ्यायला हवी.

यंत्र उघडून पाहिले तर आत फार काही नसते. एक लिथियमची बॅटरी, एक तारेचे वेटोळे म्हणजे कॉइल, त्या वेटोळ्यात भरलेला कापूस आणि कापसाला भिजते ठेवणारी द्रवाची छोटी टाकी. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन हे दोन बिनरंगी, किंचित गोडसर पदार्थ, त्यात स्वाद आणि निकोटीन. झुरका घेतला की तार तापते, कापसातला द्रव उडतो आणि हवेत थंड होऊन त्याचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. लोक त्याला वाफ म्हणतात. पण ही पाण्याची वाफ नाही, रसायनांच्या थेंबांचे धुके आहे. तंबाखूचे पान इथे जळत नाही, त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होत नाहीत. या यंत्राच्या बाजूने बोलता येण्याजोगी ही सर्वांत मोठी गोष्ट आहे आणि ती खरी आहे. चीनमधले औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ च्या सुमारास आजच्या ई-सिगारेटचा आराखडा केला, तो हाच विचार करून: जळणे काढून टाकायचे, निकोटीन ठेवायचे. पुढची सगळी गुंतागुंत या ‘ठेवायचे’मधून सुरू होते.

आता झुरक्याच्या दोन तऱ्हा. पहिलीत धुके आधी तोंडात ओढून घेतात, क्षणभर थांबतात आणि मग श्वासाबरोबर छातीत नेतात. विडी-सिगारेट ओढणारा नकळत हेच करतो. दुसरीत धुके तोंडात न थांबवता, दीर्घ श्वास घ्यावा तसे थेट छातीत भरतात. व्हेप विकणारे यांना एमटीएल आणि डीटीएल अशी आद्याक्षरी नावे देतात आणि जणू काही नवीन शोध लागल्यासारखे बोलतात. आपल्याकडे दोन्ही तऱ्हा फार जुन्या आहेत. विडीचा झुरका पहिल्या प्रकारचा, तर चिलमीचा आणि हुक्क्याचा दम दुसऱ्या प्रकारचा. हुक्क्याच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने बजावून ठेवले आहे की तासाभराच्या एका बैठकीत ओढलेल्या धुराचे आकारमान एका सिगारेटच्या शंभर ते दोनशे पट असू शकते. पाण्यातून गार होऊन आलेला धूर टोचत नाही, म्हणून माणूस जास्त ओढतो. धूर जितका सौम्य तितका दम मोठा, हे सूत्र पुढे पुन्हा लागणार आहे.

या दोन तऱ्हांना दोन प्रकारची यंत्रे लागतात, त्याचे कारण शाळेतल्या विजेच्या धड्यात आहे. बॅटरीचा दाब साधारण ३.७ व्होल्ट. दाबाच्या वर्गाला तारेच्या रोधाने भागले की शक्ती मिळते. तारेचा रोध १.२ ओहम असेल तर शक्ती साधारण ११ वॉट, आणि रोध ०.२ ओहमवर आणला तर तीच बॅटरी ६८ वॉटपर्यंत जाते. बारीक तोटी, जास्त रोध आणि थोडी शक्ती असलेल्या यंत्रात धुके कमी बनते. शहाळ्यातले पाणी बारीक नळीने ओढावे तसा त्यात जोर लावावा लागतो. रुंद तोटी, कमी रोध आणि मोठी शक्ती असेल तर ढगच्या ढग उठतात, आणि ते थेट छातीतच घ्यावे लागतात, कारण तोंडात मावत नाहीत. सिगारेटचा एक झुरका साधारण ३५ ते ५५ मिलिलिटरचा असतो. थेट छातीत भरलेला दम त्याच्या कितीतरी पट मोठा. म्हणून पहिल्या प्रकारच्या यंत्रात दाट निकोटीनचा द्रव घालतात, मिलिलिटरला १०–२० मिलिग्रॅमच्या घरातला, आणि दुसऱ्यात पातळ, मिलिलिटरला ३ मिलिग्रॅमच्या आसपासचा.

नवखा नेमका इथे फसतो. तीन हा आकडा वीसपेक्षा लहान आहे म्हणून तीनचा द्रव ‘हलका’, असा त्याचा ग्रह होतो आणि मोठ्या ढगाचे यंत्र त्याला निरुपद्रवी खेळणे वाटते. पण हिशेब करून पाहा. वीसच्या द्रवाची २ मिलिलिटरची टाकी संपवणाऱ्याने ४० मिलिग्रॅम निकोटीन तापवले. तीनचा द्रव दिवसाला १० मिलिलिटर उडवणाऱ्याने ३० मिलिग्रॅम तापवले, शिवाय पाचपट जास्त ग्लायकॉल आणि ग्लिसरीन छातीत घेतले. बाटलीवरचा आकडा हा दाटपणाचा आकडा आहे, मात्रेचा नव्हे. मात्रा ठरवतो तो ओढणारा, आणि त्याच्याकडून ती ठरवून घेतो त्याचा मेंदू. लंडनमध्ये २० अनुभवी व्हेप ओढणाऱ्यांवर केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीच माणसे १८ मिलिग्रॅमऐवजी ६ मिलिग्रॅमच्या द्रवावर आणली, तेव्हा त्यांनी जास्त झुरके मारले, जास्त द्रव वापरला आणि त्यांच्या लघवीत फॉर्मल्डिहाइडच्या खुणाही जास्त दिसल्या. सिगारेटच्या बाबतीत हे जगाने आधीच भोगले आहे. ‘लाइट’ आणि ‘माइल्ड’ म्हणून विकलेल्या सिगारेटी लोकांनी जास्त खोल आणि जास्त वेळा ओढल्या. शेवटी ही विशेषणे पाकिटावर छापायला भारतासह अनेक देशांनी मनाई केली.

मग दाट निकोटीन आणि छोटे यंत्र हे बरे, असे कुणी म्हणेल. विकणारे नवख्याला आज बहुधा हेच सुचवतात: बटण नाही, ओहम-वॉटची कटकट नाही, तोंडाला लावले की सुरू. पण या सोपेपणामागचे रसायन पाहण्यासारखे आहे, आणि ते तंबाखू मळणाऱ्या माणसाला चटकन कळेल. तळहातावर तंबाखू घेऊन त्यात नखभर चुना टाकतात, अंगठ्याने घोटतात, टाळी देऊन झटकतात आणि खालच्या ओठाआड बार धरतात. चुना कशाला? चुना अल्कधर्मी आहे. त्याच्या संगतीत तंबाखूतले निकोटीन मोकळे होते, आणि मोकळे निकोटीन तोंडाच्या नाजूक त्वचेतून सहज रक्तात उतरते. पिढ्यान्‌पिढ्या लोक हे करत आले. पण हेच मोकळे निकोटीन हवेतून घशात गेले तर झोंबते आणि ठसका लागतो. सुरुवातीच्या ई-सिगारेटींत तेच असायचे, म्हणून त्यांत निकोटीन फार दाट करता येत नसे. २०१५ मध्ये अमेरिकेत आलेल्या जूल या यंत्राने नेमके उलटे केले. द्रवात बेंझोइक आम्ल मिसळले, निकोटीनचा क्षार केला आणि घशाला होणारी टोचणी काढून टाकली. अमेरिकेतल्या त्या द्रवात मिलिलिटरला ५९ मिलिग्रॅम निकोटीन होते, म्हणजे युरोपीय संघाने घातलेल्या २० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. तरी तो पंधरा वर्षांच्या मुलाच्याही घशाखाली विनातक्रार उतरत होता.

ठसका ही शरीराची राखण आहे. पहिल्या विडीने डोळ्यांतून पाणी काढले, घेरी आली, पोटात मळमळले आणि म्हणून पुन्हा वाटेला न गेलेली माणसे गावोगाव असतील. क्षाररूप निकोटीन, फळांचे स्वाद आणि घसा गार करणारी द्रव्ये मिळून ही राखण उठवतात. फुप्फुसातल्या वायुकोशांचा पृष्ठभाग पसरला तर सुमारे ७० चौरस मीटर भरेल. त्यावर पडलेले निकोटीन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोहोचते. कृती आणि बक्षीस यांत जितके कमी अंतर, तितकी सवय घट्ट बसते. रक्तातले निकोटीन दोनेक तासांत निम्म्यावर येते आणि तलफ परत दार ठोठावते. म्हणजे नवख्यासाठी सर्वांत सोपे म्हणून पुढे केलेले यंत्र हेच त्याला सर्वांत लवकर बांधून घेणारे असते. जूलच्या ०.७ मिलिलिटरच्या एका पॉडमधले, म्हणजे द्रवाच्या कुपीतले, निकोटीन सिगारेटच्या एका पाकिटाइतके, असे खुद्द कंपनीच सांगत असे. तशाच दाटपणाचा १० मिलिलिटर द्रव भरलेले वापरून फेकायचे यंत्र म्हणजे अशी चौदा पाकिटे, तीही मुलाच्या मुठीत मावणारी, वास न येणारी, आईबापांना पेनड्राइव्ह वाटणारी. धूम्रपान सोडण्यासाठी व्हेपला उघड पाठिंबा देणाऱ्या ब्रिटननेही अशी एकदा वापरून फेकायची यंत्रे विकायला १ जून २०२५ पासून बंदी घातली आहे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. काहीही म्हटले तरी व्हेप सिगारेटपेक्षा कमी घातक आहे, मग त्याच्या वाटेत आडवे का यायचे? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०१५ मध्ये व्हेप हे धूम्रपानापेक्षा ९५ टक्के कमी घातक असल्याचे सांगितले. तो आकडा मोजमापातून आलेला नव्हता. तज्ज्ञांच्या एका गटाच्या अंदाजावर तो उभा होता आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. पण आकडा बाजूला ठेवला तरी दिशा चुकीची म्हणता येत नाही: पक्का सिगारेट ओढणारा पूर्णपणे व्हेपवर गेला तर त्याच्या शरीरात जाणारी अनेक विषे घटतात. २०१९ मध्ये इंग्लंडमधला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात ८८६ धूम्रपान करणारे होते. वर्षाअखेरीस ई-सिगारेट दिलेल्यांपैकी १८ टक्क्यांची सिगारेट सुटली होती, तर निकोटीनचे गम, पॅच वगैरे दिलेल्यांपैकी ९.९ टक्क्यांची. हा पुरावा चांगल्या प्रतीचा आहे. मात्र तो पुरता वाचावा. हे सगळे जण सिगारेट सोडायला म्हणून केंद्रावर आपणहून आलेले होते, त्यांना आठवड्याच्या आठवड्याला समुपदेशन मिळत होते, आणि ई-सिगारेटने सिगारेट सुटलेल्यांपैकी ८० टक्के जण वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. गम-पॅचवाल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. सिगारेट सुटली, निकोटीन राहिले.

त्याहून मोठी गोष्ट ही की हा सगळा युक्तिवाद ‘सिगारेटपेक्षा’ या एका शब्दावर तोललेला आहे. तो शब्द महाराष्ट्रात आणून ठेवला की तराजूच डळमळतो. प्रौढांच्या तंबाखूसेवनाच्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. त्यात धूर ओढणारे होते फक्त ३.८ टक्के. तोंडात तंबाखू धरणारे, चघळणारे, मशेरी लावणारे होते २४.४ टक्के. ब्रिटनमध्ये तंबाखू म्हणजे सिगारेट, म्हणून तिथे सिगारेटची जागा घेणारे यंत्र तंबाखूची जागा घेते. आपल्याकडे तंबाखू म्हणजे मुख्यतः बार आणि मशेरी. ती हातावर मळायची, गालात धरायची, यंत्राच्या पाळीवर काम चालू असताना दोन्ही हात मोकळे ठेवून चघळायची वस्तू आहे. जिच्या दिवसाची सुरुवात मशेरीने होते त्या बाईच्या हाती पॉड येणार नाही. तारापूरच्या रासायनिक कारखान्यात, जिथे ठिणगीलाही मज्जाव असतो, तिथला कामगार तंबाखूऐवजी बॅटरीचे यंत्र तोंडाला लावू शकत नाही. तेव्हा सरावलीत व्हेप येईल ते जुन्या तंबाखूला हटवायला नव्हे, तिच्या शेजारी बसायला. आणि त्याचे गिऱ्हाईक बहुधा असा मुलगा असेल ज्याने सिगारेट कधी ओढलीच नव्हती. त्याच्यासाठी तुलना सिगारेटशी करायची नसते, स्वच्छ हवेशी करायची असते.

आणि हवेचे म्हणाल तर ती या भागात मुळातच पुरेशी स्वच्छ नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांच्या प्रदूषणाचा निर्देशांक काढला, त्यात तारापूर ९३.६९ गुणांसह पहिले आले. ज्या फुप्फुसांवर हा भार आधीच आहे, त्यांच्यात रोज हौसेने आणखी थेंबांचे धुके भरणे मला तरी समर्थनीय वाटत नाही. यावर एक नेहमीचे उत्तर येते: द्रवातले सगळे घटक खाद्यपदार्थांत चालणारे आहेत. हे उत्तर औद्योगिक वसाहतीच्या सावलीत राहणाऱ्यांनी तरी मान्य करू नये. पिंपात हात घालताना वेगळा नियम आणि वाफ नाकात जाताना वेगळा नियम का असतो, हे तिथल्या कामगाराला सांगावे लागत नाही. पोटात गेलेल्या पदार्थाला आम्ल, आतडी आणि यकृत भेटतात. फुप्फुसात गेलेल्याला आणि रक्ताला वेगळे करणारा पडदा केसाहूनही कितीतरी पातळ असतो. अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या जॅस्पर गावी पॉपकॉर्नच्या कारखान्यात लोण्याच्या स्वादासाठी डायअॅसेटिल वापरत. खाण्यात ते चालते. पण त्याची वाफ रोज हुंगणाऱ्या कामगारांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या आकसल्या, हे २००० च्या सुमारास उघड झाले. पुढे तेच द्रव्य व्हेपच्या काही गोड स्वादांत सापडले. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसे निकामी होण्याची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले किंवा त्यांचा जीव गेला, मृत्यूंची नोंद ६८ होती. त्या साथीशी सर्वांत घट्ट नाते निघाले ते व्हिटॅमिन ई अॅसिटेटचे. गोळीतून गिळले किंवा मलमातून लावले तर जे निरुपद्रवी, तेच तापवून छातीत घेतल्यावर घातक ठरले. हे अॅसिटेट मुख्यतः चोरट्या बाजारातल्या गांजाच्या तेलात होते, साध्या निकोटीनच्या द्रवात नव्हे, हे नमूद केलेच पाहिजे. पण ‘चोरटा बाजार’ हे शब्द आपल्यासाठी महत्त्वाचे आहेत.

कारण भारतात व्हेपचा बाजार आहे तो सगळाच चोरटा. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणे, आयात-निर्यात करणे, वाहून नेणे, विकणे, वाटणे आणि तिची जाहिरात करणे या सर्वांना त्याने मनाई केली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करून ठेवल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढणे हा गुन्हा म्हणून कायद्यात वेगळा लिहिलेला नाही, याचा आधार घेऊन पुष्कळ जण निर्धास्त होतात. पण आखातातून येणाऱ्या नातेवाइकाला ‘दोन-चार आण’ असे सांगणे म्हणजे त्याला आयातीच्या गुन्ह्यात ओढणे, आणि मित्रांत ती विकणे हा विक्रीचा गुन्हा. शिवाय ज्या निवडीबद्दल आपण बोलतो आहोत तिचा पायाच इथे उरत नाही. मिलिलिटरला किती मिलिग्रॅम, तार कुठल्या धातूची, स्वादात काय मिसळले, बॅटरीला तापल्यावर बंद पडायची सोय आहे की नाही, हे सगळे खोक्यावर छापलेले असेलही. पण ते खरे की खोटे हे तपासणारी एकही यंत्रणा त्या खोक्यापर्यंत कधी गेलेली नसते. लंडनचा गिऱ्हाईक निदान मर्यादा पाळून बनवलेल्या दोन वस्तूंतून एक निवडतो. इथला गिऱ्हाईक दोन अनोळखी खोक्यांतून एक उचलतो.

बंदीमुळेच चोरटा बाजार आला, तेव्हा बंदीच चुकीची, असे म्हणणारे आहेत. सिगारेट उघड्यावर आणि तिच्याहून सौम्य वस्तू तुरुंगाच्या धाकाखाली, ही विसंगतीही ते दाखवतात, आणि ती विसंगती खरी आहे. सिगारेट बनवणाऱ्या सर्वांत मोठ्या देशी कंपनीत सरकारी संस्थांचा मोठा भांडवली वाटा असताना सरकारच्या हेतूंबद्दल शंका येणे स्वाभाविक आहे. पण विसंगती दोन बाजूंनी मिटवता येते. नवे दार उघडून, किंवा आधीची दारे आवळून. विड्यांवरचा कर वाढवणे, सुट्या सिगारेटी विकू न देणे, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला असलेली मनाई खरोखर पाळायला लावणे, ही कामे अर्धवट पडलेली आहेत. ती नीट झाली नाहीत म्हणून नवे व्यसन मोकळे सोडावे हे तर्कात बसत नाही. गुटख्याच्या बंदीने आपल्याला एवढे शिकवले आहे की अंमलबजावणीशिवाय बंदी दुबळी असते. गुटखा पुन्हा दुकानाच्या दर्शनी दोरीवर लटकू द्यावा, असे मात्र त्यातून कुणी शिकलेले नाही. बंदीबद्दल आपले मत काहीही असो, नवख्याचा निर्णय त्या वादावर अवलंबून नाही. कायदा उद्या बदलला तरी ओहम, वॉट आणि मिलिग्रॅमचे गणित तेच राहील, आणि नवख्यासाठी त्याचे उत्तरही तेच: कोणतेही यंत्र नको.

खरी निवड ज्याला करायची आहे तो नवखा नव्हे, तर वर्षानुवर्षे विडी ओढणारा किंवा तंबाखूचा बार धरणारा माणूस. त्याच्यासाठी मात्रा आणि वेग हेच दोन प्रश्न उपयोगाचे आहेत, फक्त दिशा उलटी करायची. मात्रा पुरेशी हवी, नाहीतर तलफ भागणार नाही. वेग मंद हवा, म्हणजे नवी सवय जडणार नाही. निकोटीनचा गम आणि पॅच हे त्यासाठीच बनवलेले आहेत. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली विडी किंवा पहिला बार लागत असेल, तर व्यसन पक्के समजावे आणि २ मिलिग्रॅमच्या गमाऐवजी ४ मिलिग्रॅमचा लागेल का हे डॉक्टरला विचारावे. गम च्युइंगमसारखा सतत चावायचा नसतो. चारदोनदा सावकाश चावून जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचा, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचा. तंबाखू खाणाऱ्याला ही जागा शिकवावी लागत नाही. गम घेण्याआधी पंधरा मिनिटे कॉफी, लिंबूपाणी, कोल्ड्रिंक घेऊ नये, कारण आम्लाने निकोटीन तोंडातून शोषले जात नाही. चुन्याच्या डबीमागे जे रसायनशास्त्र आहे तेच इथे औषधाच्या बाजूने वापरलेले आहे. गर्भवती स्त्रिया आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले यांनी गमही डॉक्टरला विचारूनच घ्यावा. आणि एकट्याने झुंजण्यापेक्षा कुणाशी तरी बोलत राहिल्याने सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढते, हे तंबाखूमुक्तीच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे.

त्यासाठी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा १८००-११-२३५६ हा नि:शुल्क क्रमांक आहे. तो शोधायला कुठे जावे लागत नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून तो तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर आणि पुडीवर, चित्राच्या इशाऱ्याबरोबर छापणे सक्तीचे आहे. पुडी फाडण्याआधी तो मोबाइलमध्ये उतरवून घ्या.